‘त्याचें’, ‘तिचें’ आणि पूर्णविराम

इंग्रजी व्याकरणांतील स्वामित्वदर्शक सर्वनामें आणि विरामचिन्हें हीं दोन प्रकरणें विद्यार्थ्यांस फार क्षुल्लक वाटतात. परीक्षेंत त्यांस थोडेच गुण असतात, तेवढे गेले तरी चालतील, असा हिशेब करून पुष्कळ मुलें तीं पानें उलटून पुढें जातात. आणि निबंध पाठ कर म्हणजे झालें, असा सल्ला पुष्कळ पालकही देतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. कोणती वस्तु कोणाची हें अचूक सांगणें, आणि आपलें म्हणणें कोठें संपलें हें वाचणाऱ्यास स्पष्ट दाखविणें, या दोन गोष्टी ज्याला साधल्या नाहींत, त्याचे बाकीचे इंग्रजी शब्द कितीही भारी असले तरी तें पायावांचून बांधलेलें घर होय.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आपली आई व मामा यांच्याविषयीं लिहितांना ‘माय मदर अँड हिज ब्रदर’ असें लिहिलें. घरीं तो निबंध पाहुण्यांसमोर वाचला गेला, सर्वजण हंसले, आणि त्या दिवसापासून त्या मुलानें घरांत इंग्रजीची वही उघडली नाहीं. वर्गांत आम्हीही ‘हिज’वर तांबडी रेघ ओढून, शेजारीं ‘हर’ लिहून मोकळे झालों होतों. हंसणारांची चूक झाली, तशी आमचीही झाली. कारण त्यानें असें कां लिहिलें हें त्याला कोणीच विचारलें नव्हतें.

पुढें विचारलें तेव्हां त्यानें शांतपणें उत्तर दिलें, ‘गुरुजी, भाऊ पुल्लिंगी आहे ना?’ या उत्तरांत मूर्खपणा नाहीं, मराठी व्याकरण आहे. ‘तिचा भाऊ’, ‘तिची बहीण’, ‘तिचें घर’ हे प्रयोग पाहा. मराठी शब्द एकाच वेळीं दोहोंकडे पाहतो: ‘ति’ हा भाग मालकिणीकडे पाहतो, आणि ‘चा, ची, चें’ हा भाग मालकीच्या वस्तूकडे. इंग्रजी शब्द मात्र केवळ मालकाकडे पाहतो. वस्तूचें लिंग त्याच्या हिशेबींच नाहीं. त्या मुलानें मराठीचा अर्धा नियम इंग्रजींत नेला, एवढाच त्याचा अपराध. हा भेद समजतांच ती चूक त्याच्या हातून पुन्हां झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, ज्याला मराठीचें व्याकरण चांगलें येतें त्याला इंग्रजी शिकवितांना अर्धें काम आधींच झालेलें असतें. मराठी ही इंग्रजीच्या वाटेंतील धोंड नव्हे, ती पायरी आहे.

दुसरा भेद ‘आपला’ या शब्दाचा. ‘रामानें गोविंदाला आपली छत्री दिली’ म्हटलें कीं छत्री रामाची. ‘त्याची छत्री दिली’ म्हटलें कीं ती रामाची नव्हे, हें ऐकणारास कळतें. इंग्रजींत दोन्ही ठिकाणीं ‘हिज’ असल्यामुळें छत्री कोणाची हा संशय राहतो. अशा वेळीं सर्वनाम सोडून मालकाचें नांव घालावें, हेंच शहाणपण.

‘इट्स’ या शब्दानें तर मोठमोठ्यांस फसविलें आहे. ‘त्याचें’ या अर्थाचा ‘इट्स’ आणि ‘तें आहे’ या अर्थाचा ‘इट्स’ कानाला सारखेच लागतात, नागरींत लिहिले तरी सारखेच दिसतात. रोमन लिपींत मात्र दुसऱ्यास अपॉस्ट्रॉफीची खूण लागते, पहिल्यास लागत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. त्या जागीं ‘इट इज’ हे दोन शब्द घालून वाचावें. अर्थ जुळला तर खूण द्यावी, न जुळला तर देऊं नये. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांसही ती खूण कधीं लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं निराश होऊं नये. खुद्द इंग्रजांसही हा शब्द उशिरांच सांपडला. १६११ सालीं छापलेल्या त्यांच्या प्रसिद्ध बायबलांत, मिठाची चव गेली तर काय, या प्रभूच्या प्रश्नांत मिठाला ‘हिज’ हेंच सर्वनाम लाविलेलें आहे. पुढेंही दीर्घकाळ पुष्कळ इंग्रज लेखक स्वामित्वदर्शक ‘इट्स’ला ती खूण देत असत.

आतां विरामचिन्हांविषयीं. हीं मराठीचीं जन्मजात नव्हत. मोडी लिपींत शब्दही वेगळे तोडीत नसत, मग स्वल्पविराम कोठून असणार! मेजर कँडी यांनीं १८५० सालीं विरामचिन्हांवर लहानसें पुस्तक केलें, आणि हळूहळू तीं आपल्या लेखनांत रुळलीं. जें आपल्या पूर्वजांनीं प्रौढपणीं आत्मसात केलें, तें आमच्या आठवीच्या मुलांस जड कां जावें? अडचण एका संवयीची आहे. ‘पहांटे उठून, तोंड धुऊन, भाकरी खाऊन, दप्तर घेऊन आम्ही शाळेंत आलों’ हें मराठींत एकच निर्दोष वाक्य आहे, कारण मुख्य क्रियापद एकच. मुलें इंग्रजींत यांतील प्रत्येक क्रियेचें स्वतंत्र वाक्य करितात आणि मध्यें नुसते स्वल्पविराम टाकीत पानाच्या तळापर्यंत धांवतात. विधान पुरें झालें कीं पूर्णविराम द्यावा आणि पुढील विधान मोठ्या अक्षरानें आरंभावें. नागरींत मोठें अक्षर नसल्यामुळें याची संवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

यासाठीं आम्ही एक अभ्यास सुचवितों. रोज पांच इंग्रजी वाक्यें स्वतःच्या घराविषयीं लिहावीं. मार्गदर्शिकेंतून उतरूं नयेत. प्रत्येक स्वामित्वदर्शक शब्दापासून त्याच्या मालकापर्यंत बाण काढावा. मग मोठ्यानें वाचून, म्हणणें पुरें होऊन आवाज खालीं येतो तेथें पूर्णविराम आहे कीं नाहीं तें पाहावें. हल्लीं मोबाइलच चुका सुधारतो, असें मुलें म्हणतात. तो कांहीं चुका सुधारतो खरा. पण छत्री रामाची कीं गोविंदाची हें लिहिणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें.

इंग्रजी न शिकलेल्या पालकांसही आमची विनंति आहे. आपण मुलाच्या वहीजवळ बसून मराठींतच दोन प्रश्न विचारावे: ‘हें कोणाचें?’ आणि ‘तुझें म्हणणें येथें संपलें का?’ या दोन प्रश्नांस इंग्रजी यावें लागत नाहीं, जिव्हाळा मात्र लागतो. आणि मूल चुकलें तर कृपा करून हंसूं नये.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत थोरला मुलगा धाकट्यास आपला भाऊ म्हणत नाहीं. बापाशीं बोलतांना तो त्याला बापाचा मुलगा म्हणतो. बाप रागावत नाहीं. उत्तर देतांना तोच धाकटा तो थोरल्यास त्याचा भाऊ म्हणून परत देतो. त्या एका सर्वनामांत सर्व दाखला आहे. ‘माझें’ कोठें म्हणावें, ‘तुझें’ कोठें म्हणावें आणि कोठें थांबावें, एवढें ज्याला कळलें, त्याचें व्याकरण आणि वर्तन दोन्ही सुधारलीं असें आम्ही समजतों.