ट्रॉफी राहू द्या, मे महिना द्या

जून-जुलै आला की आपल्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. शादीखाना सजतो. मागे फ्लेक्स लागतो आणि त्यावर पाहुण्यांचे फोटो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठे असतात. दहावी-बारावीला ८५-९० टक्क्यांच्या पुढे गेलेली दहा-पंधरा मुलं-मुली स्टेजवर येतात. शाल, ट्रॉफी, पेन. कौमच्या तालीमवर तीन-चार भाषणं होतात आणि मग बिर्याणी. पाथर्डीत असे कार्यक्रम मी पाहिले आहेत, एक-दोनदा स्वतः खुर्च्याही मांडल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना मी बाहेरून दगड मारत नाहीये.

त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. माझं भांडण यादीशी आहे. गणितात जो अडकला, इंग्रजीत जिचे चार मार्क कमी पडले, त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. त्यातला एखादा तर त्याच शादीखान्यात केटरिंगवाल्याकडून रोजंदारीवर ताटं उचलत असतो. स्टेजवरचा मुलगा ट्रॉफीशिवायही पुढे गेला असता. ताटं उचलणाऱ्याला मात्र मे महिन्यात रोज दोन तास कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते आपण केलं नाही.

एक हिशेब बघा. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मधे बरोबर ४२ दिवस. एक-दोन विषय राहिलेल्या मुलासाठी हे ४२ दिवस म्हणजे वर्ष वाचवण्याची संधी. शिवाय एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीखाली अकरावीला प्रवेश घेता येतो, हेही कित्येक घरांत माहीत नसतं. निकालाच्या दिवशी घरात रडारड होते, चौथ्या दिवशी अब्बा म्हणतात, "जाने दे बेटा, हात में हुनर रह्या तो भूका नै मरता," आणि आठव्या दिवशी पोरगं गॅरेजवर. मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात. ४२ दिवसांतले आठ दिवस वापरले गेले, तेही नशिबाला दोष देण्यात.

आता कायदा काय म्हणतो ते. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेता येईल, आणि मूल नापास झालं तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची. महाराष्ट्राने हे २०२३-२४ पासून लागू केलं. आपल्याकडे शाळेचा निकाल १ मेच्या सुमारास लागतो. म्हणजे ते दोन महिने कुठले? मे आणि जून. उन्हाळी उजळणी वर्ग ही कुणाची मेहरबानी नाही, कायद्याने नापास मुलाला दिलेला हक्क आहे. पण मे महिन्यात शाळेला कुलूप आणि गुरुजी आपापल्या गावाला. मग हे जादा मार्गदर्शन करतं कोण? तुमच्या गल्लीतल्या आठवीच्या मुलाला विचारा, त्याला ते मिळालं का. नुसतं विचारून थांबू नका, मुख्याध्यापकांना लेखी विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. तुमच्या शाळेच्या समितीत आपल्या मोहल्ल्यातलं कोण आहे, तुम्हाला ठाऊक आहे? मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

आठवीच्या सुट्टीत मी मंडपवाल्याकडे होतो. लग्नसराई, रोज दोन गाव. पैसे मिळाले, मजाही आली, खोटं कशाला बोलू. जूनमध्ये नववीच्या वर्गात बसलो आणि बीजगणिताच्या तासाला डोळ्यांपुढे अंधार. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं तर त्याहून वाईट झालं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून त्याला नववीतच मागे ठेवलं आणि घरी निरोप आला की याचा १७ नंबरचा फॉर्म भरा. त्याने तो भरला नाही. आज तो नगर रोडवर पंक्चर काढतो. चांगला माणूस आहे, कष्टाचं खातो. पण तो पंक्चर काढायचं ठरवून तिथे गेला नव्हता. एका उन्हाळ्यात अपूर्णांक आणि समीकरणं कुणी शिकवली असती तर तो कुठे असता, हा विचार त्याच्या दुकानासमोरून जाताना माझ्या मनात हमखास येतो.

पैसेवाल्यांचा मे महिना वेगळा असतो. दहावीचे व्हेकेशन बॅच एप्रिलमध्येच सुरू होतात, आणि आता तर आठवी-नववीसाठी 'फाउंडेशन' आलंय. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की कोचिंगवाल्यांनी १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये. बोर्ड मात्र चौकाचौकात तसेच आहेत. तो विषय इथेच सोडतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ती फी परवडतच नाही.

आपल्याला परवडण्यासारखं जे आहे त्याबद्दल बोलू. मे महिन्यात आपल्या बहुतेक मशिदी-मदरशांत समर दीनी कोर्स होतो. फज्रनंतर मुलं येतात, पाठांतर होतं, शेवटी क्विझ आणि बक्षिसं. ट्रस्टी झटतात, हाफिजसाहेब रोज वेळेवर हजर असतात, गल्लीतली म्हातारी माणसं शरबत पाठवतात. मला याचा हेवा वाटतो. ज्या कौमला स्वतःच्या जोरावर, सरकारचा एक रुपया न घेता, पन्नास मुलं महिनाभर सकाळी उठवून वर्गात बसवता येतात, तिला शिबिर चालवणं जमत नाही असं कोण म्हणेल? मग नऊ वाजता ही मुलं घरी का जातात? पंखे आहेत, चटया आहेत, पाण्याचा फिल्टर आहे, वरचा हॉल जोहरपर्यंत रिकामा आहे. नऊ ते अकरा गणित आणि इंग्रजी ठेवायला काय अडतं?

एका ट्रस्टीचाचांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "मस्जिद में दुनियावी पढ़ाई?" चाचा, मस्जिद-ए-नबवीच्या सुफ्फ्यावर राहून लोक शिकत होते. बद्रच्या कैद्यांमध्ये ज्यांना लिहिता-वाचता येत होतं, त्यांची सुटका मदिन्याच्या मुलांना शिकवण्याच्या बदल्यात झाली, ही रिवायत तुम्हीच आम्हाला ऐकवली आहे. ते शिक्षक मुसलमान नव्हते आणि शिकवत होते ते लिहिणं-वाचणं. एवढं ऐकूनही नमाजच्या जागेत नको वाटत असेल तर शादीखाना आहे. लग्नं सकाळी नऊला लागत नाहीत.

मदरशांवरच्या चर्चांनाही मी आता कंटाळलोय. टीव्हीवाले मदरशांवर ओरडतात आणि आपण मदरशांचा बचाव करण्यात दिवस घालवतो. सच्चर समितीने २००६ सालीच सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मदरशात जातात. बाकीची मुलं तुमच्या-माझ्यासारखी जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आहेत. घरी दखनी, वर्गात मराठी, आठवीपासून सेमी इंग्लिश. त्यांच्या उन्हाळ्याबद्दल ना टीव्हीवाले बोलतात, ना आपण.

शिष्यवृत्तीचंच घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. आपण निषेध केला, मेसेज फिरवले. बरोबरच केलं. पण दुसरी एक शिष्यवृत्ती चालू आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष नाही: एनएमएमएस. आठवीत परीक्षा होते, साधारण डिसेंबरमध्ये. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. अट काय? शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा, सातवीला ५५ टक्के, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. धर्माची अट नाही आणि उत्पन्नाच्या अटीत आपली बहुतेक घरं सहज बसतात. दोन पेपर. एक बुद्धिमत्तेचा, ९० प्रश्न. दुसरा शालेय विषयांचा, तेही ९०: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. उर्दू माध्यमातूनही देता येते. जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर फुकट मिळतात, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही बालभारती फुकट देते.

एका मिनिटात एक प्रश्न ही सवयीची गोष्ट आहे, आणि सवय लावायला सातवीनंतरच्या मे महिन्यासारखा काळ नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की गृहपाठ, चाचण्या, गणपती, सहामाही, आणि बघता बघता डिसेंबर. ज्या शाळांतून दरवर्षी पाच-दहा मुलं यादीत येतात, तिथे कुणीतरी एक गुरुजी सुट्टीत पदरमोड करून मुलांना बसवतो. आपल्या शहरात असा गुरुजी सापडला तर त्याला हॉल द्या, चहा द्या, मान द्या. तो कुलकर्णी आहे, खेडकर आहे की शेख, ते विचारू नका.

शिकवायचं कसं, याबद्दल थोडं. दहावीच्या मुलाला दहावीचं पुस्तक उघडून शिकवायला बसाल तर चौथ्या दिवशी वर्ग रिकामा होईल. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. साधारण चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. तेव्हा मुलांचे गट इयत्तेने पाडू नका. कुणाला भागाकार येतो, कुणाला येत नाही, ते पहिल्या दिवशी बघा आणि तसे बसवा. 'प्रथम' संस्था हेच करते. मुलांच्या पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्या प्रयोगांमधून तपासली गेली, आणि त्या दोघांना २०१९ साली नोबेल मिळालं. उन्हाळ्यात 'प्रथम'ची शिबिरं चालवणारी मुलंही गावातलीच असतात.

आणि आपल्या मुलांना काही येत नाही असं समजू नका. बागवानाच्या गाड्यावर बसणारं पोरगं पाव किलो २५ ला असेल तर पाऊण किलोचे ७५ डोळे मिटून सांगतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळे अपूर्णांक त्याच्या जिभेवर आहेत. कागदावर तीन छेद चार लिहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पाऊण आणि तीन छेद चार एकच, हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं. सुरुवात तराजूपासून करा.

शिकवणार कोण? तुम्ही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेले तुम्ही, डीएड-बीएड करून टीईटी देऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेले तुम्ही, बारावी झालेली आणि "आता पुढे बघू" असं घरच्यांनी सांगितलेली तू. मुलींसाठी शिकवणारी मुलगी असली की आयांच्या निम्म्या शंका संपतात. उरलेल्या निम्म्या, आईलाच पहिले चार दिवस वर्गात मागे बसवलं की संपतात. दर जानेवारीत फातिमा शेख यांचं चित्र आपण स्टेटसला ठेवतो, मग त्यांच्या जन्मतारखेवरून नेटवर भांडतो. तारखेचा पुरावा पक्का नाही, हे मान्य करून टाका. पक्कं आहे ते सावित्रीबाईंचं १८५६ चं पत्र. त्या आजारपणात माहेरी असताना इकडे कामाचा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्याला ठाऊक असलेली फातिमा एवढीच आहे, आणि ती काम करताना दिसते.

"हे सरकारचं काम आहे, आपण केलं तर सरकार मोकळं होईल," असं आपले काही मित्र म्हणतात. मुद्दा चुकीचा नाही. म्हणूनच वर्गाच्या हजेरीवहीसोबत एक फाईल ठेवा: कुठल्या शाळेतला आठवीचा नापास मुलगा आला, त्याला जादा मार्गदर्शन मिळालं की नाही. जूनमध्ये ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. रिकाम्या हाताने घोषणा देण्यापेक्षा पंचवीस नावं घेऊन गेलेलं बरं. पण सरकार जागं होईपर्यंत यंदाच्या मुलाची ४२ दिवसांची मुदत थांबून राहणार नाही.

वर्गाचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच तालुक्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी घालण्याचा ठराव केला. होळी ते पाडव्याच्या त्या धंद्यावर किती घरांच्या जूनच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अवलंबून असतो, ते वेगळं सांगायला नको. राग मलाही आला, अजूनही आहे. पण त्याच तालुक्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या मुलांची शाळा मधेच बुडालेली असते. मे महिन्यात ती गावातच असतात आणि भागाकार त्यांनाही येत नसतो. माणिकदौंडी किंवा खरवंडीच्या बाजूने असं एखादं पोर मामाकडे पाथर्डीला आलं आणि आपल्या हॉलमध्ये येऊन बसलं, तर त्याला वही द्या.

बकरीदचे दोन-तीन दिवस सुट्टी द्या. दुपारच्या उन्हात वर्ग ठेवू नका. पहिल्या वर्षी वीस मुलं पुरेत. दहावीच्या राहिलेल्यांचा एक गट, आठवीच्या फेरपरीक्षेवाल्यांचा दुसरा आणि सातवीतून आठवीत गेलेल्या एनएमएमएसवाल्यांचा तिसरा. सत्काराच्या बजेटमधून ट्रॉफ्यांचे पैसे आधीच मागून घ्या. त्यात वह्या, झेरॉक्स आणि रिक्षाने येणाऱ्या मुलींचं भाडं भागेल. हॉलची चावी कुणाकडे असते ते तुम्हाला माहीत आहे. जुम्म्यानंतर ते बाहेर ओट्यावर बसलेले असतात.