समुद्रातला कचरा आणि आपला गल्ला

प्लॅस्टिक पिशवीचा विषय निघाला की आमच्या बाजारपेठेत चर्चा दंडाच्या पावतीपासून सुरू होते आणि तेथेच संपते. ती पिशवी पुढे कोठे जाते याचा हिशेब आपल्या कोणत्याच वहीत नसतो. तो आज मांडण्याचे कारण असे की, या खात्याच्या एका बाजूला आमचे दुकानदार बंधू आहेत आणि दुसऱ्या बाजूला मिरकरवाड्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंतचे मच्छीमार बंधू.

रस्त्यावरून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून मिठीसारख्या नदीत आणि तेथून खाडीत, हा पिशवीचा ठरलेला मार्ग. २०१० या एका वर्षात जगभरच्या किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडला. जहाजांवरून प्लॅस्टिक टाकण्यास १९८८ च्या अखेरपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण अपघात कोणाला विचारून होत नाहीत. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले आणि केरळच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या बारीक दाण्यांचा खच पडला. आमच्या मोल्डिंगवाल्या कारागिरांना हे दाणे चांगले ओळखीचे आहेत. हाच त्यांचा कच्चा माल.

आता मच्छीमाराचे नुकसान पाहा. डोल जाळे प्रवाहात बांधून ठेवलेले असते, भरती-ओहोटी जे आणील ते त्यात शिरते. जवळा-कोळंबीबरोबर पिशव्या, गुटख्याची पाकिटे, तुटक्या चपला येतात. त्या निवडण्यात खलाशांचे तास जातात, तोवर मासळीचा ताजेपणा उतरतो आणि तिच्याबरोबर भावही. जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतला तर नौका भर समुद्रात अडकते. यात मच्छीमारांचा स्वतःचाही वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पूर्वीचे सुती जाळे हरवले तर कुजून जाई. नायलॉनचे हरवलेले जाळे वर्षानुवर्षे बेवारशी मासळी आणि कासवे मारीत राहते.

ॲडव्होकेट अफरोज शहा यांनी २०१५ साली वर्सोव्याचा किनारा झाडावयास घेतला आणि शेकडो हात त्यांच्यामागे उभे राहिले. काम मोठेच. परंतु प्रत्येक भरती नवा माल आणून टाकते, तेव्हा नळ वरच बंद करावा लागेल. तो कसा?

आमचे भंगारवाले बंधू याचे उत्तर रोज तराजूत तोलतात. पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार वेळ राहत नाही, कारण तिला भाव आहे. वेफरचे चकचकीत पाकीट कोणी उचलत नाही, कारण कागदासारख्या पातळ थरांचे ते मिश्रण वितळवून कोणाच्या कामाचे नाही. ज्याला भाव नाही तेच बहुतेक समुद्रात जाते.

कोल्लमच्या नींडकरा बंदरावर २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेले प्लॅस्टिक फेकून न देता परत आणू लागले. ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात मिसळण्याची सोय सरकारने केली. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात व रिकामी बाटली परत केल्यास ते परत देतात. दारूच्या दुकानाचा दाखला द्यावा लागतो याचे आम्हांला वाईट वाटते, पण हिशेब शिकण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व कैद आली. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर निदान ५० पैसे परतीची तरतूदही होती. दंड बाजारात पोहोचला, परतीचे पैसे मात्र काउंटरवर दिसले नाहीत. पाकिटांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे केंद्राचे नियम २०१६ चे आहेत, तरी पथक येते ते फेरीवाल्याच्या गाडीवरच. हा अन्याय आहे, आणि तो आम्ही स्पष्ट बोलू. मात्र या अन्यायाच्या आडून पातळ पिशवी गल्ल्याखाली लपवून देणाऱ्या दुकानदाराची बाजू आम्ही घेणार नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी. पण शेजारची चार दुकाने एकाच दिवशी पिशवी बंद करतील तर गिऱ्हाईक जाणार कोठे? बंदीनंतर काही महिने कापडी पिशव्या शिवणाऱ्या आमच्या शिलाई कारागिरांना काम मिळाले होते, ते पातळ पिशवी परत येताच गेले.

किराणा, भंगार आणि मच्छीमार या तिन्ही धंद्यांच्या संघटनांनी एकत्र बसून सरकारपुढे दर ठेवावा. पन्नास पैशांत दुकानदाराचा वेळही निघत नाही. आमच्या मते लहान पाकिटावरही एक रुपया अनामत हवी, तिची छपाई व वसुली कंपनीच्या खर्चाने, दुकानदाराला त्यावर वेगळे कमिशन आणि बंदरावर जुन्या जाळ्याला किलोमागे ठरलेला भाव. पुढची दंडाची मोहीम निघण्याआधी हा कागद मंत्रालयात गेलेला बरा.