शिक्षणशास्त्र शिकलेल्यांनी जायचे कुठे?

दोनशे प्रश्न आणि एकशे वीस मिनिटे. महाराष्ट्रात शिक्षक होऊ पाहणाऱ्याचे भवितव्य एवढ्यात ठरते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे उमेदवारांच्या तोंडी असलेली ‘टेट’, पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी व्हायला २०२३ उजाडले, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. शेवटच्या दोन्ही वेळी दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. २०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर जाहिराती निघाल्या त्या २१ हजारांच्या थोड्या पुढच्या जागांच्या, आणि तरीही एवढी मोठी भरती कित्येक वर्षांत झाली नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत किती जणांची वयोमर्यादा उलटली, किती जणींनी खासगी शिकवण्या धरल्या, याचा हिशेब कुठल्याही पोर्टलवर नाही.

या चाचणीत मुख्य भर तर्क, अंकगणित, भाषा, अभियोग्यता यांवर असतो. बी.एड.च्या दोन वर्षांत घेतलेले सराव पाठ, रात्री जागून काढलेली टाचणे, शाळेतली आंतरवासिता, एम.एड.चा लघुप्रबंध यांना तिच्यात जागा नाही. खासगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे, तेवढाच काय तो अपवाद. शिक्षणशास्त्र शिकलेल्या माणसाकडून राज्याला नेमके काय हवे आहे, हे राज्याने कधी ठरवलेलेच दिसत नाही. पदवीकडे भरतीची पात्रता म्हणून पाहिले गेले. नोकरी लागल्यावर शिकत राहण्याची, संशोधन करण्याची, शिक्षक म्हणूनच वर चढण्याची वाट मात्र बांधली गेली नाही. ‘संधी’ या नावाखाली जी काही चर्चा चालते ती सारी भरतीच्या तारखांभोवती फिरते, याचे कारण हेच आहे.

हे असे का झाले, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचे अमाप पीक आले. राज्य सरकार नको म्हणत असतानाही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने २९१ संस्थांना मान्यता दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. देशभरच्या अध्यापक शिक्षणावर २०१२ मध्ये आलेल्या त्या अहवालाचे मूळ महाराष्ट्रातल्या या धंद्यात आहे, ही गोष्ट इथल्या शिक्षणखात्याने विसरू नये. त्याच वर्षी २ मे रोजी राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. एकीकडे दरवर्षी हजारोंनी पदविकाधारक बाहेर पडत होते, दुसरीकडे दार बंद झाले होते. ज्या गावांत कॉलेजच्या इमारती उभ्या राहिल्या त्या गावांतल्या आईबापांनी जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून फी भरली होती.

नोकरी लागलीच, तर सुरुवात शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षे मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२२ संपेपर्यंत महिना ६ हजार रुपये मिळत होते. २०२३ पासून ते १६ हजार झाले, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार. वाढ स्वागतार्ह होती, पण ती व्हायला इतकी वर्षे लागावीत हे लाजिरवाणे आहे.

त्यात नियमही सतत सरकत राहिले. २०१८ मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले गेले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने नोकरीत असलेल्यांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. लहान मुलांना शिकवणाऱ्याला लहान मुलांचे शिक्षणशास्त्र यायलाच हवे, त्यामुळे पहिला निकाल योग्यच म्हणावा लागेल. दुसऱ्या निकालाने मात्र वीस वर्षे वर्ग चालवलेल्या बाईंना पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकाशी आणून बसवले. त्यांच्या वीस वर्षांच्या कामाचे मोजमाप करण्याचे दुसरे कुठलेही साधन व्यवस्थेने तयार केले नाही, हे खरे दुखणे आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या शिक्षकापुढे तीस-पस्तीस वर्षांत कोणत्या पायऱ्या येतात? बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचे, आणि अलीकडे त्यासाठी दोन हजार रुपये शुल्कही. प्रशिक्षणानंतर पगाराची श्रेणी बदलते, काम तेच राहते. खरी पदोन्नती हवी तर पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या वाटेने जायचे. राज्यात ४,८६० केंद्रे आहेत. दहा-बारा शाळांच्या गटाला शैक्षणिक मदत करणारा जाणता माणूस, अशी केंद्रप्रमुखाची मूळ कल्पना. प्रत्यक्षात त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात आणि ती वर पाठवण्यात जातो. २०२३ मध्ये या पदासाठी विभागीय स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली. कितीतरी तरुण शिक्षकांनी अभ्यास केला, रजा टाकल्या, आणि परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली.

डाएटची गोष्ट याहून वाईट. १९८६ च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, उभ्या राहिल्या त्या जिल्ह्याचे शैक्षणिक केंद्र व्हाव्यात म्हणून. तिथे संशोधन व्हावे, साहित्य तयार व्हावे, शिक्षकांना सल्ला मिळावा. एम.एड. आणि पीएच.डी. झालेल्यांसाठी याहून नैसर्गिक जागा कोणती असेल? तरीही अधिव्याख्याता आणि वरिष्ठ अधिव्याख्यात्यांची पदे अनेक जिल्ह्यांत वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि कामकाज अतिरिक्त कार्यभारावर चालते. एकीकडे शिक्षणशास्त्रात नेट झालेला उमेदवार अध्यापक महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, दुसरीकडे त्याच्याच जिल्ह्यातल्या डाएटमधली खुर्ची रिकामी असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या बाबतीत चांगली भाषा वापरली आहे. प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे व्यावसायिक शिक्षण मिळावे, पदोन्नती केवळ सेवाज्येष्ठतेवर नको, आणि उत्तम शिक्षकाला प्रशासनात न जाता शिक्षक म्हणूनच वर जाता यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राने यातले शेवटचे वाक्य जरी मनावर घेतले तरी खूप काही बदलेल.

कारण शिक्षकांना शिकायचे असते. साताऱ्याच्या कुमठे बीटाने ते दाखवून दिले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. जमिनीवर आखलेल्या आकृत्या, गटात बसलेली मुले, बिया, खडे आणि काड्यांनी केलेले गणित. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला आले. बरेचसे स्वतःच्या खर्चाने. वर्गात मागे बसले, फोटो काढले, प्रश्न विचारले आणि आपापल्या शाळेत जाऊन करून पाहिले. जून २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला त्यामागे या अनुभवाचे मोठे बळ होते. पुढे आकडे आणि ‘प्रगत’ शाळांच्या घोषणा यांत त्यातला जीव कमी झाला, ही वेगळी खंत. पण एका शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग पाहणे हे या राज्यातले सर्वांत परिणामकारक प्रशिक्षण ठरले आणि त्याला फारसा पैसाही लागला नाही. आजही शिक्षकाला दुसऱ्या तालुक्यातला वर्ग पाहायला जायचे तर किरकोळ रजा टाकावी लागते.

परदेशात शिकण्याची संधी आली तर काय होते, याचे ठळक उदाहरण साऱ्या राज्याने पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुढे अमेरिकेतली फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये रजेचा अर्ज अडला. प्रतिनियुक्तीच्या काळातल्या हजेरीवरून जिल्हा परिषदेशी वाद होता. शेवटी शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर रजा मार्गी लागली. त्या वादात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. मात्र फुलब्राइटचे शिक्षकांसाठीचे सहा आठवड्यांचे आणि एका सत्राचे कार्यक्रम भारतातल्या माध्यमिक शिक्षकांना खुले आहेत. त्यांसाठी अर्ज करणाऱ्या एखाद्या अनोळखी शिक्षिकेसाठी कोणता मंत्री फोन करणार आहे? अभ्यासरजेचा निर्णय ठरावीक दिवसांत व्हावा आणि नकाराचे कारण लेखी मिळावे, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

शाळेच्या नोकरीबाहेर मात्र गेल्या वीस वर्षांत बरेच काही उभे राहिले आहे, आणि एम.एड.च्या वर्गांत त्याची माहिती फार कमी पोचते. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथली ‘क्वेस्ट’ ही संस्था घ्या. नीलेश निमकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ती सुरू केली. आदिवासी भागातल्या बालवाड्या, अंगणवाड्या आणि आश्रमशाळा हे तिचे कार्यक्षेत्र. मुले वाचायला नेमकी कशी शिकतात आणि कुठे अडतात याचा बारीक अभ्यास, त्यावर साहित्य, मग शिक्षकांचे प्रशिक्षण, असे तिथले काम चालते. तिच्या ‘गोष्टरंग’ प्रकल्पात नाटक शिकलेले तरुण फेलो म्हणून येतात आणि आश्रमशाळांत बालसाहित्यातल्या गोष्टी रंगमंचावर आणतात. वाचनाची गोडी लावण्याचे हे पूर्णवेळ, पगारी काम आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचा इतिहासही असाच बोलका. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी फलटणला आल्या, तिथल्या मराठीवर प्रबंध लिहिला आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता संस्थाच उभी केली.

संशोधनाकडे ओढा असलेल्यांसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने पहिले मोठे क्षेत्रकार्य केले ते जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला. संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. शिकताना पुस्तकी भाषा किती मोठा अडसर होते, हे त्या कामातून पुढे आले. आज तिथे विज्ञान आणि गणित शिक्षणात पीएच.डी. करता येते, फेलोशिप मिळते. केंद्राची ‘एपिस्टेम’ परिषद २००४ मध्ये गोव्यात सुरू झाली आणि तिच्यात देशोदेशीचे संशोधक येतात. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातले एम.ए. सुरू केले, तेही नोकरी सांभाळून करता येईल अशा बेताने. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या बंगळुरू आणि भोपाळच्या वर्गांत मराठी मुले-मुली दिसतात.

ही वाट निर्धोक नाही, हेही सांगायला हवे. संस्थांतली पदे प्रकल्पाच्या निधीवर उभी असतात. निधी संपला की माणूस रस्त्यावर. जून २०२४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शंभराहून अधिक प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना कंत्राट न वाढवण्याच्या नोटिसा गेल्या. टाटा ट्रस्टच्या निधीची तरतूद झाल्यावर त्या दोनच दिवसांत मागे घेतल्या गेल्या, पण इतक्या नामांकित ठिकाणी हे होऊ शकते हे साऱ्या देशाला दिसले.

दोन क्षेत्रांत मात्र सरकारी जागाच वाढत आहेत. पहिले विशेष शिक्षणाचे. दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे निर्माण करायला पुन्हा बजावले. महाराष्ट्राने शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदांना मंजुरी दिली आहे. न्यायालयाच्या प्रमाणापुढे ती तोकडीच आहेत, पण विशेष बी.एड. करणाऱ्याने हे क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवावे. दुसरे क्षेत्र आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य आदर्श निवासी शाळांचे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० शाळांसाठी ३८,८०० शिक्षक आणि सहायक कर्मचारी नेमण्याची घोषणा झाली. या भरतीत हिंदीची अट असल्याने गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलांपुढे त्यांची भाषा न कळणारा शिक्षक येण्याची शक्यता वाढते. गोंडी, कोरकू किंवा भिली येणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या पदवीधराला इथे खास गुण मिळायला हवेत आणि राज्याने तो आग्रह दिल्लीपुढे धरायला हवा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०२५ च्या मसुद्यात एक वर्षाचे बी.एड. आणि एम.एड. परत आणण्याचा प्रस्ताव आहे, शिवाय नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचे अर्धवेळ एम.एड. हा अर्धवेळ अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी फार मोलाचा ठरू शकतो. त्यासाठी जिल्हा परिषदांनी फीचा वाटा उचलावा आणि तो पूर्ण करणाऱ्यांना डाएट व केंद्रप्रमुखाच्या निवडीत अधिक गुण द्यावेत. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांनाही एक काम तातडीने करता येईल. गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून एम.एड. झालेले विद्यार्थी आज कुठे आहेत, किती पगारावर आहेत आणि किती जण अजून तासिकांवर आहेत, ही यादी त्यांनी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावी.