रानच्या औषधीचा धनी कोण?

गेल्या पावसाळ्यांत आठव्या इयत्तेच्या मुलांस आम्हीं आपापल्या पाड्यावरून एकेक औषधी वनस्पति मुळासकट आणावयास सांगितलें. सोमवारीं सकाळीं मेजावर सफेद मुसळीचीं सतरा झाडें येऊन पडलीं. पांढरीं फुलें अजून टवटवीत होतीं. बीं एकावरहि धरलें नव्हतें. मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून हळूच म्हणाला, "गुरुजी, आजी म्हणते फुलावरची मुसळी काढूं नये. मीं ती न सांगतां काढली." आम्ही निरुत्तर झालों. पदवी आमच्यापाशीं, आणि शास्त्र त्या आजीपाशीं! ज्या चुकीची कबुली प्रथम आम्हीं द्यावयाची, ती त्या मुलाला द्यावी लागली, ह्याची टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

जव्हार-मोखाड्याचें रान पावसाळ्यांत पाहणाऱ्यास तें कधीं कोरडें पडत असेल असें स्वप्नांतहि वाटणार नाहीं. शंभर इंचांहून अधिक पाऊस येथें कोसळतो; आणि तरीहि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवरील बायांना हंडाभर पाण्यासाठीं दरी उतरावी लागते. कातळावरून पाणी वाहून जातें, तें थांबत नाहीं. म्हणून येथील पुष्कळ वनस्पतींनीं वाळवंटांतील वनस्पतींची युक्ति उचललेली दिसते: चार महिने वर, आठ महिने जमिनीखालीं. मुसळी त्यांपैकींच एक. पहिल्या सरीबरोबर तिचीं पानें वर येतात, श्रावणाच्या सुमारास फुलें, त्यामागून बीं. दसऱ्याच्या आसपास पानें सुकून नाहींशीं होतात, आणि मातींत मुळांचा झुबका पुढील मृगाची वाट पाहत राहतो. ह्या झुबक्याच्या माथ्यावर एक लहानशी गड्डी असते. अंकुर फुटतो तो तिच्यांतून. नुसतें मूळ पेरलें तर तें कुजतें. तेव्हां पानें सुकल्यावर व बीं गळल्यावर खणावें, जाड मुळें घ्यावीं, आणि एकदोन मुळांसह गड्डी पुन्हां मातींत ठेवावी, एवढें केलें तरी त्याच जागीं पुढल्या वर्षीं मुसळी उभी राहते. फुलावर असतां समूळ उपटली, तर तिचें बींहि गेलें आणि गड्डीहि गेली.

येथें एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ह्या मुसळीचें शास्त्रीय नांव आपल्याच बाजूच्या बोरिवलीवरून पडलें आहे. फादर सांतापाव नांवाचे स्पॅनिश जेझुइट पाद्री मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत शिकवीत. त्यांनीं व त्यांचे सहकारी फर्नांडिस ह्यांनीं १९५५ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हेच सांतापाव पुढें भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. परंतु शास्त्राच्या खातेवहींत तिची नोंद होण्यापूर्वीं कित्येक पिढ्या तिच्या कोंवळ्या पानांची भाजी येथील चुलीवर शिजत आली आहे. वारली पाड्यांत रानाची नवी पालेभाजी देवांस दाखविल्यावांचून तोंडांत घालूं नये, अशी चाल आहे. आमच्यापैकीं कित्येकांनीं तिला भाबडेपणा म्हणून हंसण्यावारीं नेलें. पण इस्राएल लोकांसहि हंगामाचें प्रथमफळ देवास अर्पण करण्याची आज्ञा होतीच. तें वाचतांना आम्हांला हंसूं येत नाहीं. आणि परिणाम पाहूं गेलें तर तेवढे दिवस कोंभांस वाढावयास मिळतात, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.

मग आजच मुसळी कमी कां होते आहे? व्यापारी पानें सुकेपर्यंत थांबत नाहीं, आणि घरांत पैका नसला म्हणजे आपलाहि हात थांबत नाहीं, हें त्याचें उत्तर. १९९२-९३ सालीं ह्याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें भुकेनें व रोगानें शंभराहून अधिक बालकें दगावलीं. ज्या प्रदेशानें तें पाहिलें, तेथील आईबापांस "झाड वाचवा" असा कोरडा उपदेश करण्याचा अधिकार पगारी माणसाला नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. औषधी काढूं नका असें नव्हे, तर ती कोणत्या रीतीनें काढावी हें पाड्यानें ठरवावें, आणि तें पाड्यानेंच पाळून घ्यावें.

कारण प्रत्येक वनस्पतीची रीत निराळी. गुळवेल बुंध्यापासून हातभर राखून कापली तर पुन्हां फुटते. तिचे तुकडे लावले तर तेहि जगतात. हिरड्याचें फळ वेंचल्यानें झाडाचें कांहीं बिघडत नाहीं. पण अर्जुनसादड्याची साल सभोंवार सोलली कीं तें उभें झाड वाळलेंच म्हणून समजावें. राजस्थान व कच्छ ह्या कोरड्या मुलखांतील गुग्गुळाची कथा तर सर्वांस ठाऊक असावी. मागी लोकांनीं बाळ येशूस जो गंधरस अर्पण केला, त्याचें झाड व गुग्गुळाचें झाड एकाच कुळींतलें. अधिक डिंक गळावा म्हणून लोक खोडावर खोल घाव घालतात व त्यांत दाहक द्रव्यें भरतात. डिंक भरपूर येतो आणि झाड मरतें. आज जगांतील अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत गुग्गुळाचें नांव आहे. उलट शेजारच्या शहापूर तालुक्यांतील कातकरी तरुणांनीं एकत्र येऊन गुळवेल गोळा केली, सुकविली, आणि २०२०-२१ च्या साथीच्या दिवसांत मोठमोठ्या औषधी कंपन्यांच्या मागण्या मिळविल्या. माल तोच, रान तसेंच. फरक इतकाच कीं दर ठरवावयास एकटा गरजू मनुष्य न बसतां मंडळी बसली.

कोणी म्हणेल, रान सरकारचें आहे, राखणहि सरकारनें करावी. आम्हांला हें पटत नाहीं. एका वनरक्षकानें किती डोंगर राखावे? शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजाची मालकी रानांत राहणाऱ्या लोकांस दिलेली आहे, आणि सामूहिक रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिलेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गांवानें तो अधिकार २००९ सालीं मिळविला, ही गोष्ट महाराष्ट्रभर गाजली. आपल्या जव्हार भागांतहि वयम् चळवळीच्या कार्यकर्त्यांनीं ग्रामसभांस ह्या कामीं साह्य केलें आहे. सीनायच्या उघड्या डोंगरांत, जेथें मोशेला आज्ञा मिळाल्या असें परंपरा सांगते, तेथील बदाऊनी लोकांतहि चराईचें रान ठराविक काळ बंद राखण्याचा आपसांतील करार असे. तो मोडणाऱ्यास जमातीपुढें उत्तर द्यावें लागे. शिपायाचा डोळा चुकवितां येतो. शेजारणीचा चुकवितां येत नाहीं!

राहतां राहिला ज्ञानाचा प्रश्न, आणि तो आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. आमच्या मिशनच्या परंपरेनें भगताला भुताखेतांचा व्यापारी ठरविलें. सर्पदंश झालेल्यास मंत्रावर ठेवूं नये, तांतडीनें इस्पितळांत न्यावें, हें आम्ही आजहि तितक्याच जोरानें सांगूं. पण मंत्र टाकतांना त्याच्या झोळींतील मुळ्यांची ओळखहि आम्हीं टाकून दिली, ही मात्र आमची चूक होय. केरळांत १९८७ सालीं शास्त्रज्ञांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी जमातीचे लोक डोंगर चढतांना एक रानटी फळ खाऊन ताजेतवाने राहत. त्या वनस्पतीपासून 'जीवनी' नांवाचें औषध निघालें, आणि परवान्याच्या उत्पन्नाचा निम्मा वांटा काणी लोकांस देण्याचें ठरलें. पुढें तो धंदा कच्च्या मालाअभावीं रेंगाळला, ही गोष्ट वेगळी. परंतु वांटा देणें हा धर्म आहे, हें तरी मान्य झालें. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें तेंच तत्त्व देशभर घातलें. २०२३ च्या दुरुस्तीनें मात्र ग्रंथांत नोंदलेल्या परंपरागत ज्ञानाचा उपयोग करणारांस त्या देण्यांतून सूट दिली आहे. म्हणजे पोथींतला काढा फुकट, आणि आजीच्या तोंडचा काढाहि पोथींत आहेच असें कोणी म्हटलें कीं तोहि फुकट! ह्यांत न्याय कोठें आहे, तें आम्हांस दिसत नाहीं.

प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिति असावी व तिनें लोकांची नोंदवही ठेवावी, असें कायदा सांगतो. वही भरावी, असें आमचें मत आहे. कित्येक जाणते भगत लिहून ठेवण्यास भितात. लिहिलें म्हणजे गेलें, असें ते म्हणतात, आणि त्यांचें भय अगदींच निराधार नाहीं. त्यावर तोड अशी सुचते कीं वनस्पतीचें नांव, जागा, हंगाम व काढण्याची रीत एवढें वहींत यावें. मात्रा व मिश्रण सांगावें कीं नाहीं, हें ज्याचें ज्ञान त्यानें ठरवावें. वहीची किल्ली ग्रामसभेपाशीं असावी, बाहेरच्या अभ्यासकापाशीं नसावी. मग तो अभ्यासक आमच्यासारखा शाळामास्तर कां असेना.

पालकांस एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यापासून आम्ही मुलांकडून उपटलेलीं झाडें घेणार नाहीं. मुलांनीं झाड जागेवरच पाहून त्याचें चित्र काढावें, आणि चित्राखालीं घरच्या बोलींतलें नांव लिहावें. तें नांव वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, जें असेल तें, शुद्धलेखनाची लाल रेघ त्यावर ओढली जाणार नाहीं. ज्या आजीच्या नातवानें त्या सोमवारीं खरें सांगितलें, तिला आम्हीं शाळेंत बोलाविलें आहे. भाताची लावणी आटोपल्यावर येईन, असा तिचा निरोप आहे. त्या सतरा झाडांच्या गड्ड्या मुलांनीं त्याच दिवशीं विहिरीमागच्या वाफ्यांत लावल्या होत्या. त्यांतील किती फुटतात, तें पाहावयास तीहि उत्सुक आहे आणि आम्हीहि.