मुंबईहून लंडन किती दूर?

“मुंबईहून लंडन किती दूर?” असा प्रश्न वर्गांत विचारला असतां एका विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, “साडेचार तास!” त्याचा थोरला भाऊ हिवाळ्यांत रात्रीं २ वाजतां मुंबईहून निघाला व त्याच दिवशीं सकाळीं साडेसहाला लंडनला उतरला, हा त्याचा पुरावा. वर्ग हंसला. परंतु चूक मोठी बोधप्रद होती. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें, हें त्यानें हिशेबांत धरलेंच नव्हतें. खरा प्रवास दहा तासांचा!

आतां अंतराचा विचार करूं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही शहरें जोडलीं, तर रेघ इराणच्या आखाताच्या कडेनें जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो बलुचिस्तान व इराण ओलांडून कास्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून काळ्या समुद्राकडे व तेथून युक्रेनवरून जातो. हाच जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर भरते.

हें अंतर कोणासही बदलतां येत नाहीं. वेळ मात्र बदलते. उंच आकाशांत पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. म्हणून लंडनला जातांना वेळ अधिक लागतो, परततांना कमी. पण वाऱ्याहून मोठें कारण माणूसच आहे. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि जहाजांचा आफ्रिकेचा वळसा वांचला. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तेव्हां त्यास कैरो व जिनीव्हा येथें उतरावें लागलें. पुढें न थांबतां जाणारीं विमानें आलीं. माणसानें वाट उघडली, वेळ वांचला.

याची दुसरी बाजूही आहे. २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश बंद राहिलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. आपला दोरा या दोन्ही देशांवरूनच जातो! दोरा तोच, पण विमानांस वळसे पडले; इंधन वाढलें, तास वाढले.

म्हणून आमचें मत असें कीं, अंतर, वेग व काळ यांचें गणित केवळ पाटीवर सोडवून भागत नाहीं. प्रत्येक वर्गांत पृथ्वीचा गोल असावा, आणि तो कपाटावर धूळ खात न राहतां मुलांच्या हातीं यावा. पालकांनींही, परदेशीं गेलेल्या मुलाची वाट पाहतांना, घरच्या धाकट्यांस एकदां हा दोरा ताणावयास लावावें. दूरची शहरें जवळ आणण्याचें अर्धें काम यंत्रांनीं केलें आहे. उरलेलें अर्धें शेजाऱ्यांशीं सलोख्यानें राहण्याचें आहे, आणि तें आजच्या विद्यार्थ्यांस उद्यां करावयाचें आहे.