पागेतला लोणा

वाड्याची पागा राहती करून द्या, असे काम घेऊन मालक आला की आपण उंची मोजतो, कमान बघतो आणि मनातल्या मनात पोटमाळा टाकून मोकळे होतो. भिंतीच्या खालच्या तीन फुटांकडे लक्ष जात नाही. गावातली गाय मात्र बरोबर तीच जागा चाटते.

वऱ्हाडात घोडा पुष्कळ वावरला. घोड्यावरून येणाऱ्या पेंढाऱ्यांच्या धास्तीने अमरावतीचा परकोट १८०७ साली हाती घेतला गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तोही निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी. देशमुख-जहागिरदारांच्या वाड्यांना पागा असायचीच. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, घोड्याचे काम सरत गेले आणि पागेत बैल, मग सरकीची पोती, शेवटी भाडेकरू आले. लंडनच्या तबेल्यांच्या गल्ल्यांत घोड्यानंतर मोटार आली आणि मग माणूस. तिथली घरे आज भारी किमतीला जातात. आपल्याकडे मधे बैल होता, म्हणून पागेचा गोठा झाला आणि गोठ्याला कोणी वास्तू मानीना.

घोडा गेला, पण त्याचे मूत भिंतीत राहिले. त्यातून झालेले नायट्रेट क्षार पांढऱ्या मातीत आणि विटांत मुरलेले असतात. पावसाळ्यात ते हवेतले पाणी ओढतात, उन्हाळ्यात त्यांचे स्फटिक वाढून गिलावा ढकलतात. हाच लोणा. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायला वाव राहत नाही. ती वर चढते आणि गिलाव्याच्या कडेला, छातीच्या उंचीवर फुटते. खाली व्हिट्रिफाइड टाइल बसवली तर फरशीची ओलही भिंतीतच शिरते. हेरिटेज लूक म्हणून उघड्या विटांवर चकचकीत लाख मारणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

करायचे ते असे: सिमेंट खरवडून काढा, भिंत एक पावसाळा आणि एक उन्हाळा उघडी ठेवा, वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका, मग चुन्याचा गिलावा करा. तो काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल, हे मालकाला आधीच सांगा. फरशी दगडाचीच, सांधे चुन्याचे. घोड्यासाठी दिलेला उतार आणि मोरी बुजवू नका. धाबे काढून स्लॅब टाकला तर अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांना ती खोली भट्टी होते.

राष्ट्रीय इमारत संहितेला राहती खोली ९.५ चौरस मीटरची आणि किमान २.४ मीटर रुंद लागते. घोड्याच्या एका खणात ती सहसा बसत नाही. दोन खण जोडावे लागतात. जोडताना मधला सागवानी खांब कापायचा मोह होतो. खांब तळखड्यावर राहू द्या, भिंत त्याला टाळून घ्या. दगडात बसवलेल्या लोखंडी कड्या मालकाला शोभेसाठी हव्याच असतात. त्या गंजून फुगल्या की दगड फोडतात, तेव्हा आधी काढून, गंज घासून, शिशात पुन्हा बसवा.