विहिरीत पाणी किती उरलंय, हे सौर पंपाला कळतं; त्याला विचारतंय कोण?

फेब्रुवारीत गावी गेलो होतो. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. काकांनी हातात फोन दिला आणि म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाला ना, हे पाय बरं काय म्हणते."

स्क्रीनवर त्यांच्या ५ एचपी सौर पंपाचं ॲप उघडं होतं. आज किती वीज तयार झाली, पंप किती मिनिटं चालला, पॅनेलचं व्होल्टेज किती, पाणी किती उपसलं, सगळं. आणि सगळ्यांत वर लाल अक्षरात 'ड्राय रन'. सकाळचे अकरा वाजले होते, आभाळ स्वच्छ, ऊन कडक. पॅनेल पूर्ण ताकदीनं वीज द्यायला तयार आणि विहिरीतलं पाणी मात्र पंपाच्या खाली गेलेलं.

"मशीन कशी हाय थे सगळं सांगते," काका म्हणाले. "विहिरीत कितीक पाणी उरलं थे नाही सांगत."

पुण्याला परतताना हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण तांत्रिकदृष्ट्या ते अर्धंच खरं आहे. पंपाला विहिरीची पातळी बऱ्यापैकी कळते. फक्त ती माहिती त्या कामासाठी कोणी वाचत नाही.

आधी योजना समजून घेऊ

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना तुमच्या घरी किंवा शेजारी पोहोचली असेलच. राज्याच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात साडेआठ लाख शेतकऱ्यांना असे पंप देण्याची घोषणा झाली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकी अनुदान. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात एचपी. शेतात विहीर, बोअर, शेततळं किंवा बारमाही नदी-नाला असा पाण्याचा खात्रीचा स्रोत असायला हवा, अशी अटही आहे. जलसंधारणाच्या कामांतून साठलेलं पाणी या पंपानं उपसता येत नाही, हेही नियमात लिहिलेलं आहे.

या पंपाच्या कंट्रोलरमध्ये एक छोटं उपकरण असतं: रिमोट मॉनिटरिंग युनिट, म्हणजे आरएमयू. त्यात सिम कार्ड असतं. तुमच्या फोनसारखंच ते टॉवरशी बोलतं आणि ठराविक वेळानं पंपाची माहिती सर्व्हरला पाठवतं. उद्देश सरळ आहे: अनुदानातून बसवलेला पंप खरंच चालतोय का, बंद पडला तर दुरुस्तीला माणूस गेला का, हे कळावं. उद्देश चांगलाच आहे. पण त्यामुळे सगळे प्रश्न मशीनबद्दलचे झाले.

रात्रीची लाइट हा नकळत बसलेला ब्रेक होता

सौर पंपाला विरोध करायला हा लेख नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला जाणं म्हणजे काय, ते गेल्याशिवाय कळत नाही. साप, रानडुक्कर, आणि राळेगाव-पांढरकवड्याकडे तर वाघ. अवनी वाघिणीच्या काळात, २०१८ मध्ये, तिकडे लोक अंधार पडल्यावर शेताकडे फिरकत नव्हते. दिवसा वीज मिळणं ही तिथे जिवाची गोष्ट आहे.

पण त्या त्रासदायक लाइटीचा एक परिणाम असा होता की विहिरीला सुट्टी मिळायची. लाइट नाही म्हणजे उपसा नाही, आणि तेवढ्या वेळात झरे विहीर थोडी भरून काढायचे. आता ऊन आहे तोवर पंप चालू, आणि आपल्याकडे ऊन कधी नसतं? डिझेलला दर लिटरमागे खिशातून पैसे जायचे, म्हणून माणूस मोजून चालवायचा. सौर पंप एकदा बसला की पुढच्या प्रत्येक लिटरचा खर्च शून्य. काकांनी पंप आल्यावर हरभऱ्याशेजारी गहू पेरला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पेरला असता.

जमिनीखालचा हिशोब

यवतमाळ कोरडा जिल्हा आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. पाऊस इथे वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सोलापूर, अहिल्यानगरपेक्षा खूपच जास्त. अडचण साठवणीची आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे प्रकल्प आटले आणि जिल्ह्याचं ठिकाण टँकरवर आलं, तेव्हा हे सगळ्या राज्यानं पाहिलं. बेंबळा, अरुणावती, पूस ही धरणं आहेत. निम्न पैनगंगा १९९७ च्या मंजुरीनंतर अजून रेंगाळलेलाच आहे. कालवा न पोहोचलेल्या शेतकऱ्याचं धरण म्हणजे त्याची विहीर.

जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी धरत नाही. भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जेवढं मावेल तेवढंच. भूजलाचा अंदाज काढण्याच्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या ७ टक्के आणि भेगाळ, सच्छिद्र बेसाल्टसाठी १३ टक्के पाणी मुरतं असं धरतात.

आता काकांचं पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर घ्या. ९०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ७ ते १३ टक्के मुरला, तर वर्षभरात त्यांच्या जमिनीखाली गेलं साधारण साडेबारा ते साडेतेवीस लाख लिटर पाणी. ५ एचपी पंपाला ४,८०० वॅटचं पॅनेल असतं. २० मीटर उचल, बरं ऊन आणि पंप-मोटरची मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली, तर दिवसाला दीड ते पावणेदोन लाख लिटर उपसा होऊ शकतो, असा माझा अंदाज येतो. कमीत कमी दीड लाखच धरू. भागाकार करा: आठ ते सोळा दिवस.

वर्षभराचा पाऊस, आठ ते सोळा दिवसांत. हे ढोबळ आहे, मान्य. विहिरीला शेजारच्या जमिनीतूनही पाणी येतं, बंधाऱ्यातून झिरपतं, दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं. पण शेजारच्याकडेही तसाच पंप आला की 'शेजारून येतं' हे उत्तर दोघांनाही वापरता येत नाही.

पिकांच्या बाजूनं बघा. एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी धरलं, तर पाच एकर हरभऱ्याला दोन पाळ्यांत २४ लाख लिटर. पाच एकर गव्हाला सहा पाळ्यांत ७२ लाख. काकांचा गहू दीडच एकर होता, तरी फेब्रुवारीत पंपानं हवा ओढली.

मोजतं कोण?

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९२० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. राज्याच्या क्षेत्रफळाला भागलं तर साधारण ७८ चौरस किलोमीटरमागे एक विहीर. साडेआठ लाख पंपांच्या हिशोबानं एका निरीक्षण विहिरीमागे दोनशेहून जास्त पंप. नंतर गावपातळीवरच्या विहिरीही मोजायला सुरुवात झाली. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रानं 'जलदूत' ॲप आणलं. त्यात प्रत्येक गावातल्या दोन-तीन विहिरी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून नोंदवायच्या असतात. ही सगळी कामं उपयोगी आहेत. पण रब्बीचं पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतं, आणि त्या काळात बहुतेक विहिरींची आठवड्याआठवड्याची नोंद होत नाही.

आणि त्याच काळात लाखो पंप दर काही मिनिटांनी सर्व्हरला माहिती पाठवत असतात!

ड्राय रन म्हणजे काय? पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो, करंट अचानक पडतो, कंट्रोलर ते ओळखतो आणि मोटर जळू नये म्हणून पंप थांबवतो. थोड्या वेळानं परत चालू करून बघतो. पहिला ड्राय रन कोणत्या तारखेला आला, दिवसात किती वेळा आला, परत पाणी यायला किती वेळ लागला, ही त्या विहिरीची नाडीच आहे. दुसरी गोष्ट: पाणी जसं खाली जातं, तशी तेवढ्याच विजेत कमी पाणी वर येतं. त्यामुळे वीज आणि प्रवाह या दोन आकड्यांवरून पातळीचा अंदाज काढता येतो. नवीन सेन्सर लागत नाही. एका गावातल्या पन्नास पंपांच्या ड्राय रनच्या तारखा नकाशावर टाकल्या, तर कोणत्या शिवारात पाणी आधी संपतं हे गहू पेरण्याच्या आधी दाखवता येईल, कारण मागच्या वर्षीचा डेटा पडून असेल.

असा हिशोब राज्याला नवीन नाही. यवतमाळसह विदर्भ-मराठवाड्यात राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीनं गावांचा पाण्याचा ताळेबंद काढण्याची पद्धत तयार झाली: पाऊस, माती, उतार, पिकं घ्यायची आणि पाणी कुठे कमी पडेल ते काढायचं. त्या ताळेबंदात पंपांचा खरा उपसा मिळवला, तर अंदाजाच्या जागी मोजमाप येईल. (जाता जाता: स्वतंत्र जलसंधारण खातं सुरू करणारे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे.)

डेटावर डोळे झाकून विश्वास नको

काकांच्या ॲपमध्ये सेकंदाला ७ लिटर दिसत होतं. आम्ही २०० लिटरचा ड्रम पाइपखाली ठेवला आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. ४० सेकंद. म्हणजे ५ लिटर. ॲपवाले खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. प्रवाह मोजणारं मीटर त्या पंपाला नव्हतंच. विजेवरून सूत्रानं काढलेला आकडा होता, आणि सूत्रात विहीर भरलेली धरली असावी. तुमच्याकडेही ड्रम लावून बघा. आकडा सरळ जुळला तर कदाचित मीटर असेल.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. "उपसा दिसला तर उद्या पाण्यावर पैसे लावतीन," हे काका लगेच म्हणाले. ही भीती हसण्यावारी न्यायची नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, २०१४ पासून लागू, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि ती कागदावर किती राहिली ते बोअरच्या गाड्या बघून कळतं. वर्षानुवर्षं सिंचनाची वाट पाहिलेल्या माणसाला पाणी आल्याच्या दुसऱ्या वर्षी 'जपून वापर' सांगणं मलाही पटत नाही. म्हणून डेटा आधी शेतकऱ्याच्या आणि गावाच्या हातात यायला हवा, सहज डाउनलोड होईल अशा रूपात. आज ॲप आठवड्याचा आलेख दाखवतं आणि मागचं वर्ष गायब.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावानं वेगळी वाट काढली. २०१६ च्या सुमारास तिथल्या सौर पंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था करून उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. पंप बंद ठेवण्याचेही पैसे मिळाले, म्हणजे पाण्याला आपोआप किंमत आली, तीही शेतकऱ्याच्या बाजूनं. आपले बहुतेक पंप ग्रीडला जोडलेले नाहीत, त्यामुळे तसंच्या तसं होणार नाही. पण त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी किंवा कडबा कुट्टी चालवू देणारे युनिव्हर्सल कंट्रोलर केंद्राच्या योजनेत मान्य आहेत. उन्हाचा दुसरा उपयोग असला की विहिरीवरचा ताण कमी होईल.

तोवर आम्ही घरी एक शीट सुरू केली आहे. रकाने पाच: तारीख, सूर्य वर यायच्या आधी पाण्यापर्यंतची खोली फुटांत, ॲपमधले पंपाचे तास, ड्राय रन किती वेळा, कोणत्या पिकाला पाणी दिलं. खोली मोजायला वजन बांधलेली दोरी, दर फुटाला गाठ. पाण्याला टेकलं की आवाज येतो. दर रविवारी चुलत बहीण मोजते आणि फोनवरून भरते. बारावीला आहे, माझ्यापेक्षा नेमानं करते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पाणी ३८ फुटांवर होतं, विहीर ४५ फुटांची. काकांनी ते बघून येत्या रब्बीत गहू अर्ध्या एकरावर आणायचं म्हटलंय. काकूंचा आग्रह एक एकराचा आहे. अजून ठरलेलं नाही.